कुत्र्यामांजराची किडनी बिघडली म्हणतात तेव्हा : डायलिसिस शोधायच्या आधी आणि नंतर काय काय करायचं

"क्रिएटिनिन ६.८ आलंय, डॉक्टर म्हणतात किडनी गेली, डायलिसिस कुठे होतं सांगा ना प्लीज." असा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतो. (क्रिएटिनिन म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, किडनी कमी काम करायला लागली की त्याचा आकडा चढतो.) कारण आमची मांजर चिंगी १२ वर्षांची असताना तिची किडनी बिघडली, नंतर तिला आम्ही साडेतीन वर्षं घरी सांभाळलं आणि ते बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहितीय. मी डॉक्टर नाहीये. पण एवढ्या वर्षांत जे शिकले ते ज्याच्या हातात आजच रिपोर्ट आलाय त्याच्यासाठी नीट क्रमाने लिहून ठेवतेय. आणि सुरुवातीलाच सांगते, डायलिसिस हा बऱ्याच जणांच्या बाबतीत पहिला प्रश्न नसतोच, पहिला प्रश्न वेगळाय.

पहिलं काम : हे अचानक झालंय की हळूहळू?

सगळं यावर ठरतं. परवापर्यंत धावत होता आणि आज उलट्या, जेवण बंद, गळून पडलाय, शू अगदी कमी किंवा झालीच नाही, हे अचानक आलेलं. आपल्याकडे पावसाळ्यात कुत्र्यांमध्ये याचं मोठं कारण म्हणजे लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार. उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतो, कुत्रा त्या पाण्यातून चालतो नाहीतर ते पितो. बाकी कारणं म्हणजे माणसांची पेनकिलर देणं (आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक), कुत्र्याने द्राक्षं किंवा मनुका खाणं, मांजराने लिलीचं फूल, पान, नुसता परागसुद्धा चाटणं, गावाकडे घोणस चावणं, गोचिडांमुळे येणारा ताप, न ऑपरेट केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होणं. डायक्लोफेनॅकबद्दल एक आठवण करून देते, आपली गिधाडं याच औषधामुळे संपत आली. औषध दिलेल्या गुरांचं मांस खाऊन त्यांच्या किडन्या निकामी व्हायच्या आणि म्हणूनच २००६ साली जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक सरकारने बंद केलं. तेव्हा कुत्रा लंगडतोय म्हणून घरातली अर्धी गोळी देणं अजिबात नको.

हळूहळू झालेलं असेल तर मागे वळून बघितलं की सगळं आठवतं. पाणी जास्त पीत होती, वाळूचे गोळे मोठे व्हायला लागले होते, पाठीचा कणा हाताला लागायला लागला होता, केस राठ झाले होते, तोंडाला वास येत होता. आम्हाला वाटलं वय झालं. खरं असंय की लघवी घट्ट करायची ताकद साधारण दोन तृतीयांश किडनी गेली की जाते आणि रक्तातलं क्रिएटिनिन वाढायला तीन चतुर्थांशच्या आसपास जावी लागते, म्हणजे रिपोर्ट बिघडेपर्यंत आजार बराच जुना झालेला असतो, त्यात तुमचा निष्काळजीपणा नाही, मांजर तर दुखणं लपवण्यात पटाईत.

तिसरा एक प्रकार आहे आणि तो मी मुद्दाम वेगळा लिहितेय. बोका सारखा सारखा वाळूत जाऊन बसतोय, कण्हतोय, जोर लावतोय आणि काहीच येत नाहीये. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय, एरंडेल देतात, सकाळी बघू म्हणतात. ही लघवीची नळी तुंबलेली असते. रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडतं, एकदोन दिवसांत खेळ संपतो. याला डायलिसिस नाही तर नळी मोकळी करणं लागतं आणि तेही त्याच रात्री. सकाळची वाट बघू नका.

दुसरं : कुठल्या टेस्ट, आणि कुठल्या क्रमाने

नुसतं क्रिएटिनिन बघून "किडनी गेली" म्हणू देऊ नका. दोन दिवस उलट्या होऊन सुकलेल्या जनावराचं क्रिएटिनिन तसंही चढतं. सलाईन सुरू व्हायच्या आधी लघवीचा नमुना घ्या, हे मी तीनदा लिहिलं असतं, कारण सलाईन गेलं की लघवी पातळ होते आणि लघवी किती घट्ट आहे ते बघायची टेस्ट (स्पेसिफिक ग्रॅव्हिटी) बिनकामाची होते. त्या टेस्टमध्ये कुत्र्याचा आकडा १.०३० च्या खाली आणि मांजराचा १.०३५ च्या खाली आणि सोबत क्रिएटिनिन वाढलेलं, तर किडनीवर संशय पक्का होतो. कुत्र्याची शू स्वच्छ धुतलेल्या डबीत सकाळी फिरायला नेताना धरता येते, मांजराची डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून काढतात, ऐकायला भयंकर वाटतं पण एक मिनिटाचं काम असतं.

मग फॉस्फरस, पोटॅशियम, सीबीसी, पोटाची सोनोग्राफी, ब्लड प्रेशर, आणि लघवीतून प्रोटीन किती जातंय ते बघायला यूपीसी. बीपी आपल्याकडे बऱ्याच क्लिनिकमध्ये मोजतच नाहीत, तुम्ही मागा. १६० च्या वर सतत असेल तर औषध लागतं, आणि मांजरात ते दुर्लक्षित राहिलं तर डोळ्याचा पडदा सुटून एका दिवसात आंधळी होऊ शकते. लेप्टोची शंका असेल तर पीसीआरसाठी रक्त आणि लघवी अँटिबायोटिक चालू करायच्या आधी काढून ठेवायची, आणि रिझल्ट यायची वाट न बघता औषध सुरू करायचं. आणि त्या कुत्र्याची शू साफ करताना हातमोजे घाला, लेप्टो माणसांना होतो, घरात लहान मुलं असतील तर जास्तच सांभाळा.

जुन्या आजाराच्या चार स्टेज असतात. पहिली स्टेज क्रिएटिनिन नॉर्मल असताना बाकीच्या टेस्टवरून कळते. दुसरी कुत्र्यात १.४ ते २.८, मांजरात १.६ ते २.८. तिसरी दोघांतही २.९ ते ५, आणि ५ च्या वर चौथी. पण ही स्टेज जनावर स्थिर झाल्यावर, पाणी भरून निघाल्यावर, दोन वेळा तपासून लावायची असते. चिंगीचा पहिला रिपोर्ट ५.९ होता, मी रडून रडून अर्धी झाले होते, आठवड्याभराच्या सलाईननंतर ती ३.१ वर येऊन थांबली, म्हणजे चौथी वाटलेली तिसरी निघाली. पहिल्या दिवशीच्या आकड्यावरून निर्णय घेऊ नका, विशेषतः इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचा निर्णय.

तिसरं : अॅडमिट केलंय, तेव्हा तुम्ही काय बघायचं

अचानकवाल्या केसमध्ये शिरेतून सलाईन, उलटीचं औषध, अॅसिडिटीचं औषध, कारणावर उपचार, हे डॉक्टर करतीलच. तुम्ही एक प्रश्न रोज विचारायचा, "लघवी किती झाली?" अंदाजे नको, मिलीमध्ये. साधारण दर किलोमागे तासाला १ ते २ मिली व्हायला हवी, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला तासाला १० ते २० मिली, आणि सलाईन चालू असताना त्याहून जास्त. दुसरं, वजन रोज दोनदा. शू होत नाहीये आणि सलाईन मात्र त्याच स्पीडने चालूय तर ते पाणी जाणार कुठे? फुफ्फुसात. वजन चढतंय, श्वास वाढलाय, नाकातून पाणी येतंय, पाय सुजलेत असं दिसलं तर लगेच बोला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या लॅब्रॅडॉरला लेप्टो झाला होता, एका ठिकाणी त्याला पाच दिवस नुसती सलाईन चालू ठेवली, शू मोजलीच नाही, डायलिसिसची चौकशी करायला सहावा दिवस उजाडला आणि तोवर तो प्रवास करण्याच्या पलीकडे गेला होता. तो गेला. त्याच्यामुळेच मी हे लिहितेय खरं तर.

तर डायलिसिसचा विचार कधी? भरपूर सलाईन आणि औषध देऊनही लघवी नाहीच किंवा नावाला आहे, पोटॅशियम औषधांना दाद देत नाहीये, अंगात पाणी साठलंय, किंवा आकडे रोज चढतायत आणि जनावर गुंगीत जातंय. हे पहिल्या एकदोन दिवसांत कळतं. त्याच वेळी डॉक्टरांना थेट विचारा की याला रेफर करायचं असेल तर आजच करूया का. चांगला डॉक्टर यावर चिडत नाही.

चौथं : डायलिसिसमध्ये नेमकं होतं काय

गळ्याच्या मोठ्या शिरेत दोन तोंडांची जाड नळी घालतात, थोडी गुंगी देऊन. एका बाजूने रक्त बाहेर येतं, मशीनच्या फिल्टरमधून जातं, युरिया, पोटॅशियम, जादा पाणी तिकडे जातं आणि स्वच्छ रक्त परत आत. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात. मशीन बहुतेक माणसांचंच असतं. अडचण येते ती आकाराची. १० किलोच्या कुत्र्याच्या अंगात साधारण ८०० ते ९०० मिली रक्त असतं, ४ किलोच्या मांजरात जेमतेम २५० च्या आसपास. माणसांचा मोठा फिल्टर आणि नळ्या लावल्या तर मांजराचं अर्ध्याहून जास्त रक्त बाहेरच राहील. म्हणून त्यांना लहान बाळांचा फिल्टर लागतो, कधी आधी रक्त चढवावं लागतं आणि म्हणूनच सगळी सेंटर मांजरं घेत नाहीत.

पहिलं सेशन मुद्दाम हळू आणि अर्धवट करतात. युरिया एकदम खाली आणला तर मेंदूला सूज येते, झटके येऊ शकतात. त्यामुळे पहिल्या दिवशी आकडा थोडाच उतरला म्हणून नाराज होऊ नका, तसंच करायचं असतं. मग साधारण एक दिवसाआड, किडनी स्वतः काम करायला लागेपर्यंत. काहींना तीन सेशन पुरतात, काहींना दोन-तीन आठवडे लागतात. डायलिसिस किडनी बरी करत नाही, किडनीला बरं व्हायला वेळ मिळवून देतं. ज्यांना डायलिसिसची वेळ येते त्यातली अर्धी जनावरं वाचतात असं ढोबळ समजा. लेप्टोमध्ये चान्स त्याहून बराच चांगला असतो, म्हणून लेप्टोच्या कुत्र्यासाठी मी म्हणेन धडपड करा.

आणि जुन्या आजारात? इथे मला स्पष्ट बोलायचंय. गेलेली किडनी परत येत नाही, म्हणजे डायलिसिस आठवड्याला दोन-तीनदा, आयुष्यभर. प्रत्येक वेळी तासन् तास टेबलावर, गळ्यात कायमची नळी, इन्फेक्शनची भीती, खर्च तर आहेच. मी माझ्या मांजरासाठी हे केलं नाही आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. अपवाद एकच, जुना आजार स्थिर होता आणि मध्येच काहीतरी होऊन अचानक बिघडलं, तर तो धक्का पार करायला दोन-चार सेशन करणं समजू शकते.

भारतात चेन्नईच्या वेपेरीमधलं मद्रास व्हेटर्नरी कॉलेज आणि लुधियानाची गडवासू (तिथलं पशुवैद्यकीय विद्यापीठ) ही सरकारी नावं आहेत जिथे कुत्र्यांचं डायलिसिस होतं, मोठ्या शहरांत काही खासगी सेंटरही आहेत. निघायच्या आधी फोन करून विचारा, कमीत कमी किती किलोचं जनावर घेता, मशीन आज चालू आहे का, रात्री डॉक्टर असतात का, रक्त लागलं तर डोनर कुठून, आणि एका सेशनचा नाही तर सगळा मिळून अंदाजे खर्च किती. एका सेशनचा आकडा ऐकून लोक निघतात आणि तिसऱ्या सेशनला पैसे संपतात, ते सगळ्यात वाईट. मशीन मिळत नसेल तर पोटाच्या पिशवीतून करायचं पेरिटोनियल डायलिसिस असतं, पोटात द्रव सोडून ठराविक वेळाने काढायचा, पुन्हा सोडायचा, रात्रंदिवस. मेहनत खूप आणि इन्फेक्शनची भीतीही, पण लहान मांजरात उपयोगी पडतं. हे करणारे तुमच्या भागात कोणी आहेत का ते विचारा. महाराष्ट्रात परळ, नागपूर, शिरवळ इथल्या सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजांत तपासणी आणि सल्ला परवडणाऱ्या दरात मिळतो, खासगीत पैसे संपायच्या आधी तिकडचा विचार करा.

पाचवं : घरी कातडीखाली सलाईन

जुन्या किडनीवाल्यांचं खरं आयुष्य यावर चालतं, तेव्हा हे नीट वाचा. आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या, कुठलं, किती, आठवड्यातून किती वेळा. बहुतेक रिंगर लॅक्टेट असतं, मांजराला एका वेळी साधारण १०० मिलीच्या आसपास. डेक्स्ट्रोजवालं कातडीखाली देऊ नका. हृदयाचा त्रास असेल तर हे अजिबात मनाने नको. आणि पहिल्या दोन वेळा डॉक्टरांसमोर तुमच्या हाताने करून बघा, ते नुसतं दाखवतील आणि तुम्ही मान डोलवाल तर घरी हात थरथरतो.

बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा, बाळाचं दूध बघतो तसं. गार सलाईनने मांजर पळतं, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. बाटली पडद्याच्या दांडीला किंवा कपाटाच्या हँडलला टांगायची, जितकी उंच तितकं लवकर जातं. नळीतली हवा काढून टाका. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलली की तंबूसारखं होतं, त्या तंबूच्या तोंडातून सुई आत, पाठीला समांतर, दुसऱ्या बाजूने बाहेर येणार नाही एवढं बघायचं. १८ किंवा २० नंबरची सुई. लोक दया येऊन बारीक सुई घेतात आणि मग वीस मिनिटं मांजर धरून बसावं लागतं, जाड सुईने पाच मिनिटांत होतं, ते जास्त दयेचं. नळीवरचं चाक उघडायचं, बाटलीवरच्या खुणा बघत राहायचं, झालं की बंद करून सुई काढून तिथे बोटाने मिनिटभर दाबायचं.

पाठीवर उंटासारखं येतं, मग ते घसरून एका पायात उतरतं, घाबरू नका, काही तासांत जिरतं. थोडं पाणी किंवा एखादा थेंब रक्त बाहेर आलं तरी ठीक. पण दुसऱ्या दिवशीही गोळा तसाच असेल तर पुढचं सलाईन देऊ नका, फोन करा. झोपेतला श्वास मोजायची सवय लावा, मिनिटाला ३० च्या वर सतत जात असेल तरीही तेच. सुई दर वेळी नवीन, वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून क्लिनिकला परत द्यायच्या, कचरा गोळा करणाऱ्या ताईंच्या हाताला लागता कामा नयेत. बाटली उघडल्याची तारीख वर लिहा, पाणी गढूळ दिसलं तर फेका.

आम्ही चिंगीला रोज रात्री साडेनऊला, खिडकीतल्या तिच्या टॉवेलवर, सलाईन चालू असताना नवरा तिला चाटायला तिचं आवडतं क्रीम द्यायचा. तिसऱ्या महिन्यात ती वेळ झाली की स्वतः टॉवेलवर जाऊन बसायची.

सहावं : खाणं आणि औषधं

आधी मळमळ थांबवा, मग खाणं बदला. उलटी होत असताना नवीन रीनल फूड (किडनीच्या आजारासाठीचं खास खाणं) समोर ठेवलं तर ते मांजर त्या फूडला आयुष्यभर नाही म्हणेल, कारण त्याच्या डोक्यात तो वास आणि मळमळ एक झालेली असते. मळमळीला मारोपिटंट, ऑन्डान्सेट्रॉन, भूक वाढवायला मिर्टाझापिन, हे डॉक्टरांशी बोला. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरवर येतं, त्यामुळे "भूक लागली की खाईल" हे मांजराला लागू नाही. खाणं सुटलंच तर मानेतून अन्ननळीत ट्यूब घालतात, लोक नको म्हणतात, पण औषध, पाणी, जेवण सगळं शांतपणे जातं, मी तर म्हणेन लवकर घाला.

किडनीच्या खाण्यात मुख्य गोष्ट फॉस्फरस कमी करणं. दुकानातलं तयार रीनल फूड मिळतं आणि परवडत असेल तर तेच सगळ्यात सोपं, जुन्यात थोडं थोडं मिसळत दोन-तीन आठवडे घ्या. घरी करत असाल तर कुत्र्याला भात, अंड्याचा पांढरा भाग (पिवळ्यात फॉस्फरस फार), थोडं चिकन, दुधी, थोडं तूप किंवा तेल, आणि कॅल्शियम वगैरे काय घालायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, नुसत्या दहीभातावर महिनोन्महिने ठेवू नका, अंगातलं मांस झडतं. हाडं, कलेजी, पनीर, सुकट, जवळा, रश्श्यातली पोळी बंद. आजी-आजोबांना समजवायला लागतं कारण ते प्रेमाने टेबलाखालून देतात. मांजरासाठी घरगुती खाणं जास्त अवघड आहे, तज्ज्ञाशिवाय करू नका. आणि रीनल फूड खातच नसेल तर जे खाईल ते द्या, पोटात काहीतरी जाणं आधी.

फॉस्फरस तरीही वर असेल तर बाइंडर, म्हणजे खाण्यातलं फॉस्फरस पोटातच धरून ठेवणारं औषध, देतात, ते जेवणातच मिसळायचं, रिकाम्या पोटी दिलं तर फुकट. फॉस्फरस दुसऱ्या स्टेजला ४.५ च्या खाली, तिसरीत ५, चौथीत ६ असं टार्गेट धरतात. बीपीला मांजरात बहुतेक अॅम्लोडिपिन, लघवीतून प्रोटीन जात असेल तर टेल्मिसार्टन किंवा बेनाझेप्रिल. मांजराचं पोटॅशियम कमी पडलं तर मान खाली झुकते, तेही भरून काढता येतं. रक्त कमी झालं तर एरिथ्रोपोएटिनसारखी इंजेक्शनं असतात. बाहेरून कोणी "किडनी टॉनिक" सुचवलं तर आधी डॉक्टरांना बाटली दाखवा.

सातवं : वही

एक वही करा. वजन आठवड्याला एकदा, मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. पाणी मोजून भरायचं, रात्री उरलेलं मोजायचं. कुत्रा दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर, मांजर ५० च्या वर पीत असेल तर ते जास्तच. पण पाणी कधीही कमी करू नका, दोन-तीन ठिकाणी वाट्या ठेवा, ते पितायत म्हणून टिकतायत. उलटी, शी, सलाईन, कुठलं औषध दिलं, एका ओळीत. स्थिर असेल तर तीन-चार महिन्यांनी रक्त, लघवी, बीपी पुन्हा. डॉक्टर बदलले तरी वही बोलते.

घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याचं लेप्टोचं वार्षिक लसीकरण तपासा, जूनच्या आधी घेतलेलं बरं, आणि गोचिडांचं औषध चालू ठेवा. मांजर असेल तर पुष्पगुच्छातल्या लिली घरात येऊच देऊ नका.

शेवटचं

दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजची मांजरं वर्षं काढतात. चौथीत मात्र महिने किंवा आठवडे असतात. आमचं ठरलं होतं की तिच्या तीन गोष्टी बघायच्या, खिडकीत स्वतः चढते का, क्रीम चाटते का, अंग स्वतः चाटून साफ करते का. तीनही सलग चार दिवस बंद झाल्या तेव्हा आम्ही डॉक्टरांना घरी बोलावलं. आधी झोपेचं इंजेक्शन देतात, ते गाढ झोपतं, मग दुसरं. तुम्ही मांडीवर घेऊन बसू शकता, विचारा, नाही म्हणत नाहीत. हे आधीच बोलून ठेवा, रात्री दोनला कोणाला फोन करायचा ते माहीत असलेलं बरं, आणि नंतर अंत्यसंस्कारासाठी तुमच्या महापालिकेची काय सोय आहे तेही.

न उघडलेल्या सलाईनच्या बाटल्या, सुया, रीनल फूडचे डबे ठेवून देऊ नका. आमच्याकडे चौदा बाटल्या उरल्या होत्या, त्या मी क्लिनिकला नेऊन दिल्या. तिथल्या काउंटरवर त्याच दिवशी एका मुलीला तिच्या बोक्यासाठी सलाईन सुरू करायला सांगितलं होतं, ती तीन घेऊन गेली आणि घरी कुठे टांगू म्हणून मला विचारत होती.